मदत हवी आहे: टीएचआर (घरी न्यायचा पोषण आहार) घ्यायला येणाऱ्या आयांना तान्ह्यांशी खेळायला, बोलायला कसं सांगावं?

नमस्कार. मी बीड जिल्ह्यात धारूर तालुक्यातल्या एका गावात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवून निवृत्त झाले. आमच्या अंगणवाडीच्या सेविकाताईंनी माझ्याकडे एक काम सोपवलंय. त्यासाठी इथल्या सेविका, पर्यवेक्षिका आणि बालवाडी चालवलेल्या मंडळींचा सल्ला हवा आहे.

तीन ते सहा वर्षांची मुलं रोज अंगणवाडीत येतात. त्यांना गरम ताजा आहार मिळतो, गाणी-गोष्टी होतात. त्यांची मला फारशी काळजी नाही. पण सहा महिने ते तीन वर्षांच्या पोरांचा अंगणवाडीशी संबंध उरतो तो वजनकाटा आणि टीएचआरची पाकिटं एवढाच. नव्या शैक्षणिक धोरणात (२०२०) म्हटलंय की मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. त्यातली पहिली तीन वर्षं तर घरातच जातात. म्हणजे शिकवणारी असेल तर ती आई, नाहीतर आजी. आणि त्या दोघींना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

केंद्र सरकारने २०२४ मध्ये 'नवचेतना' नावाचा आराखडा काढला, खास जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. छत्तीस महिन्यांच्या कॅलेंडरमध्ये १४० कृती दिल्या आहेत. मी वाचलाय, मला आवडलाय. पण तो आईपर्यंत पोचवायचा कसा? बैठक लावली तर चार बाया येतात. पाकिटं वाटायच्या दिवशी मात्र सगळ्या येतात. चेहरा पडताळणी सुरू झाल्यापासून रांगही हळू सरकते, नेट गेलं की तासभर बसावं लागतं. हाच वेळ वापरावा असं माझ्या मनात आहे.

मागच्या वाटपाला एक सून दीड वर्षाच्या पोराला कडेवर घेऊन बसली होती. पोरगं उतरलं ते थेट मदतनीसताईंच्या भांड्यांकडे. डब्याचं झाकण उचललं, दुसऱ्यावर आपटलं. आई ओढायला धावली. मी म्हटलं, राहू दे, एक वाटी दे त्याला. त्याने वाटी झाकणात ठेवली, काढली, पुन्हा ठेवली आणि प्रत्येक वेळी मान वर करून आईकडे बघितलं. मग ती आपसूक बोलायला लागली, "आत टाक. आता भाईर काढ." मी सांगितलं, हेच शिकवणं. तर म्हणाली, "बाई, आमाला कुठं लिव्हता येतंय, साळंत गेल्यावर शिकंल की."

हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येकीकडून ऐकायला मिळतं. शिकवणं म्हणजे पाटी-पेन्सिल, असं डोक्यात पक्कं बसलंय. उपदेश न करता ते कसं बदलावं? आणि दुसरी अडचण आमच्या भागाची आहे. दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं. काही लेकरं आजीकडे राहतात, काही आईबापाबरोबर फडावर जातात. त्यांच्यासाठी काय करता येईल?

प्रतिसाद (पर्यवेक्षिका, नाशिक जिल्हा)

बाई, रांगेची कल्पना उत्तम आहे. एकच विनंती, सगळ्यांना एकत्र बसवून बोलू नका. ज्या आईचं मूल समोर आहे तिच्याशीच बोला आणि पहिला प्रश्न विचारा, "या महिन्यात बाळ नवीन काय करायला लागलं?" ती सांगताना फुलते. मग त्याच गोष्टीच्या पुढची एक कृती द्या. एकच.

वेगळी पुस्तिका छापत बसू नका. माता-बाल संरक्षण कार्ड प्रत्येकीकडे असतं. लसीच्या तारखेपलीकडे ते कुणी उघडत नाही, पण वयानुसार बाळाने काय करायला हवं याची चित्रं त्यातच आहेत. चित्रावर बोट ठेवून बोललं की लिहिता-वाचता न येणारीलाही कळतं. कृती रोजच्या कामातली निवडा: तेल लावताना हात-पाय-नाक यांची नावं घेणं, भाकरी करताना पिठाचा गोळा हातात देणं, शेंगा सोलताना मोठी-बारकी वेगळी करणं. वेगळा वेळ काढायला सांगितलं की ते होत नाही. आणि आज्यांना कमी समजू नका. बडबडगीतं त्यांनाच येतात, त्यांना म्हणायला लावा, सुना ऐकतील.

प्रतिसाद (सामाजिक कार्यकर्ता, कोल्हापूर जिल्हा)

आमच्याकडे तोडणीच्या टोळ्या येतात, म्हणून दुसरी बाजू सांगतो. कुटुंब निघण्याआधी सेविकाताईंना पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी अ‍ॅप) स्थलांतराची नोंद करायला सांगा, म्हणजे इकडच्या अंगणवाडीत लाभ मिळायचा मार्ग मोकळा होतो. कार्ड सोबत द्याच. फडावर आई पहाटेपासून उसात असते, लेकरू आठ-दहा वर्षांच्या बहिणीकडे असतं. तेव्हा खेळ त्या बहिणीलाही दाखवून ठेवा. आजीकडे राहिलेल्या बाळाशी आईने रोज फोनवर नाव घेऊन बोलावं, बाळ उत्तर देत नसलं तरी.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. कार्डाचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बहिणीचा मुद्दा तर फार मोलाचा आहे, तशा मुली माझ्याच शाळेत शिकल्या आहेत. पुढच्या वाटपाला कार्ड घेऊनच यायला सांगते.

आणखी एक विचारायचं आहे. गावात एक मूल दीड वर्षाचं झालं तरी हाक मारली की वळून बघत नाही. घरचे म्हणतात, त्याचा बापही उशिरा बोलला होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं मुलांची आरोग्य तपासणी करणारं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, पण तोवर थांबावंसं वाटत नाही. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) थेट घेऊन गेलं तर तपासतात का, की आधी ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घ्यावी लागते? आणि आईला न घाबरवता हे सांगायचं कसं? कुणी अशा मुलाला घेऊन गेलं असेल तर कृपया लिहा.