सुतारकामासाठी सामायिक गाळ्यात जागा घ्यावी का? (मुलुंड-ठाणे) सल्ला हवाय

सागरगोटी

नमस्कार मंडळी. तीन वर्षं झाली, घरच्या बाल्कनीत लाकडाचं काम करते. चौरंग, पाट, बुटकी स्टुलं, एखादं फडताळ. सुरुवातीला सोसायटीत सगळ्यांना कौतुक होतं. आता राउटर (लाकडाच्या कडा कोरायचं मशीन) सुरू केला की पाच मिनिटांत खालच्या काकू बेल वाजवतात. त्यांचं तरी काय चुकतं म्हणा, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि माझा राउटर त्याच्या कितीतरी पुढे.

वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्यात चौघे मिळून काम करतात, त्यातला एकजण सोडतोय. आठ बाय सहाचा कोपरा, महिना नऊ हजार, कटर, थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची करणारं मशीन) आणि बँडसॉ (पट्टीची करवत) सगळ्यांत मिळून, वीजबिल वाटून. उरलेल्यांपैकी एक मॉड्युलर किचन करतो, एक लाकडी खेळणी, एक पाट्या आणि नावाचे फलक. गणपतीआधी १४ चौरंग द्यायचेत, त्यामुळे लवकर ठरवायचंय. घेऊ का? घेतला तर आधी काय काय विचारून घेऊ?

वागळेकर

घ्या हो. स्वतःचा गाळा म्हटलं की अनामत रक्कम, थ्री फेज कनेक्शन आणि मशीनं यातच माणूस आडवा होतो. मुंबईत मेकर्स असायलम (अशीच सामायिक कार्यशाळा) होतं, २०१३ साली सुरू झालेलं, तेही पुढे गोव्याला गेलं. तयार मशीनं असलेला कोपरा घराजवळ मिळतोय तर फार मोडता घालू नका.

पटाशी

वागळेकर, भाडं परवडेल हो, धुळीचं काय?

मी अशा गाळ्यात अडीच वर्षं काढली. भांडण पैशावरून एकदाही झालं नाही, जे काही झालं ते धुळीवरून. एकदा बारा पाटांना चंद्रसाच्या (राळेच्या) पॉलिशचा शेवटचा हात देऊन, वर चादर टांगून घरी गेले. रात्री शेजारच्याने एमडीएफचे (लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेल्या बोर्डाचे) सहा शीट कापले. सकाळी पाटावरून बोट फिरवलं तर ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर फिरवल्यासारखं लागलं. एमडीएफची भुकटी पिठासारखी असते, लगेच खाली बसत नाही, दोन-दोन तास हवेत तरंगते. बाराच्या बारा परत घासले. शेजाऱ्याची चूक नव्हती, त्याचीही डिलिव्हरी होती.

तुमच्याकडे किचनवाला आहे म्हणजे प्लाय आणि एमडीएफ रोज कापलं जाणार. म्हणून पहिला प्रश्न भाड्याचा विचारूच नका. धूळ ओढणारं मशीन आहे का, ते कटरला जोडलेलं आहे की कोपऱ्यात शोभेला ठेवलंय, त्याची पिशवी कोण रिकामी करतं, हे विचारा. आणि पॉलिशसाठी दार लागणारी वेगळी खोली आहे का? नसेल तर पॉलिशचे दोन दिवस ठरवून घ्या, त्या दिवशी कटर बंद. लेखी घ्या. तोंडी ठरलेलं दिवाळीच्या गर्दीत कुणाला आठवत नाही.

मास्कच्या बाबतीत आळस नको. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने) १९९५ मध्येच नोंदवलंय, पहिल्या गटात. शिवाय सागाच्या धुळीने काहींच्या अंगावर पुरळ येतं. माझ्या मनगटाला दर पावसाळ्यात येतं.

रच्याकने, जवसाचं उकळलेलं तेल वापरत असाल तर त्याच्या चिंध्या चुरगाळून डब्यात टाकू नका. वाळताना त्या आपोआप तापतात आणि पेट घेतात. ही भीती घालण्यासाठी सांगत नाही, खरंच पेटतात. पसरून वाळवा नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका. गाळ्यात चौघे आहेत म्हणजे एकाच्या चिंधीने चौघांचं काम जळणार.

हिशोबी

मी सुतार नाही, बायकोचा हिशोब बघतो (ती ट्रे आणि टेबलं बनवते). १४ चौरंगांचं गणित मांडून बघा. दोन फूट बाय दोन फूट, एक इंच जाडीचं बसायचं फळकूट म्हणजे ०.३३ घनफूट. पाय दोन बाय दोन इंच, दहा इंच उंचीचे चार, ते ०.०९. खालच्या पट्ट्या धरून साधारण ०.५३. चाळीस टक्के तूट धरा, कारण रंधा मारताना, कड सरळ करताना, गाठ वगळताना तेवढं जातंच. म्हणजे पाऊण घनफूट. तुमच्या व्यापाऱ्याचा भाव घनफुटाला चार हजार असेल तर एका चौरंगाला तीन हजारांचं लाकूडच लागलं. आता त्यावर भाडं, वीज, टेम्पो, आणि तुमचे तास. तास लिहून ठेवता का? आमच्याकडे पहिलं वर्ष बायको तास धरतच नव्हती, मग कळलं की ताशी साठ रुपयांत काम करतेय.

नऊ हजार भाडं वसूल व्हायला महिन्याला किती नग काढावे लागतील ते या मोजमापावरून निघेल. जीएसटी वस्तूंसाठी ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, पण राज्याबाहेर माल पाठवायचा झाला की नियम बदलतात, तिथे सीएला विचारा. लाकडी फर्निचरवर १८ टक्के आहे, त्यामुळे नोंदणी झाल्यावर भाव तोच ठेवलात तर फटका तुम्हालाच. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मात्र करून टाका, फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारा एजंट दिसला तर दुसऱ्या दारानं निघा.

भायखळाकर

लाकूड कुठून घेता? रे रोड, दारूखान्याकडे जाऊन बघा. बर्मा, घाना, आपला बल्लारशाचा साग, सगळं मिळतं. घनफूट मोजताना शेजारी उभे राहा, फळीची रुंदी कुठून धरतात ते बघा. सूत-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) इकडेतिकडे झालं की पंधरा फळ्यांत मिळून चांगलाच फरक पडतो.

गिरगाव-भायखळ्याच्या जुन्या इमारती पाडतात तिथलं सागवानही चांगलं असतं, पण रंधा मारण्याआधी मेटल डिटेक्टर फिरवा. शंभर वर्षांचा खिळा थिकनेसरच्या पात्यात गेला तर पातं गेलं आणि सामायिक मशीन असल्यामुळे चौघांसमोर नाकही गेलं. मी गेल्या वर्षी दोन तुळयांमधून सतरा खिळे काढले आणि एक गोळीएवढा शिशाचा तुकडा. तो अजून खिडकीत ठेवलाय.

आंब्याचं लाकूड स्वस्त म्हणून घेऊ नका, भुंगा लागला तर गिऱ्हाइकाच्या देवघरात पीठ पडतं.

सागरगोटी

सगळ्यांचे आभार. पटाशीताई, तुमचं वाचून मोबाइल घेऊन गाळ्यावर गेले. धूळ ओढणारं मशीन आहे, कटरला जोडलेलं आहे, पण पाइप मध्ये फाटलाय आणि त्यावर सेलोटेप. पॉलिशची वेगळी खोली नाही. पाट्यांवाला म्हणाला, “ताई, मी स्वतः स्प्रे मारतो, मलाही धूळ नको असते.” त्याच्याशी मिळून एक कोपरा प्लास्टिकच्या पडद्याने बंद करायचं म्हणतोय. हे चालेल का?

आणि दुसरं, पावसात चंद्रसाचं पॉलिश पांढुरकं पडतं, गेल्या वर्षी तीन पाट खराब झाले. गणपतीच्या आधी नेमका पाऊसच.

पटाशी

पडद्याचं चालेल, फक्त आत एक्झॉस्ट पंखा लावा, स्पिरिटचा वास कोंडू देऊ नका. आणि स्प्रेच्या वेळी तिथे कुणी ग्राइंडर चालवायचा नाही, ठिणगी उडते.

पांढरं पडतं ते हवेतल्या ओलाव्याने. पाऊस जोरात असेल तर त्या दिवशी हात देऊ नका. दुपारी ऊन निघालं की पातळ हात द्या, दोन हातांमध्ये जास्त वेळ ठेवा. पडलंच पांढरं, तर कोरड्या दिवशी स्पिरिटमध्ये जेमतेम भिजलेलं फडकं हलकेच फिरवा, बऱ्याचदा जातं.

पण यापेक्षा मोठी गोष्ट लाकडाची. माझा ओलावा मोजायचा मीटर जुलैत १६-१७ टक्के दाखवतो आणि मार्चमध्ये १०-११, तेच लाकूड, तीच जागा. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेनं फुगतं, आकसतं. लांबीत जवळजवळ नाही. पावसात बनवलेलं दोन फुटी बैठकीचं फळकूट खालच्या पट्ट्यांना गच्च स्क्रूने आवळलंत आणि ते एसी लावलेल्या फ्लॅटमध्ये गेलं, तर नाताळपर्यंत चीर पडते. पट्टीतली भोकं लांबट ठेवा, म्हणजे लाकडाला सरकायला जागा मिळते. मध्ये एकच स्क्रू गच्च, बाजूचे सैल.

वागळेकर

पटाशींनी मला चांगलंच गप्प केलं. माझ्याकडून कागदपत्रांचं तेवढं सांगतो. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेला हवा, महाराष्ट्रात ते सक्तीचं आहे. तुमच्याकडे फक्त पोटभाडं असेल तर मूळ मालकाची लेखी संमती घ्या, नाहीतर वीजबिलाच्या वाटणीला आधार राहत नाही. लाकूड साठवायला महापालिकेचा परवाना गाळ्याच्या नावावर आहे की नाही, तेही दाखवायला सांगा. आग विझवायचा सिलिंडर भिंतीवर आहे का आणि त्याची तारीख काय, ते तुम्हीच वाचा.

हिशोबी

लिफ्ट मोजा! वरच्या मजल्यावर गाळा आहे का? आम्ही एकदा साडेसहा फुटी टेबल बनवलं आणि ते खाली उतरवायला चार माणसं आणि जिना लागला. टाटा एसमध्ये ते सहज मावलं असतं, पण लिफ्टमध्ये नाही. तेव्हापासून मोठं काम बोल्टने सुटं होईल असंच करतो.

सागरगोटी

दुसरा मजला. लिफ्ट माल चढवायची आहे म्हणाले, पण दार किती रुंद ते बघितलंच नाही. उद्या टेप घेऊन जाते, तेव्हाच पाइपला नवी होज किती फूट लागेल ते मोजते. पाट्यांवाला अर्धे पैसे द्यायला तयार आहे.