१९९६ च्या बुलेटला लेग गार्ड आणि पुढचे पेग : लावू की नको?

रामबागकर
गाडी बाबांची. १९९६ ची स्टँडर्ड ३५०, उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक, म्हणजे आजच्या गाड्यांच्या उलटं. मी त्रेपन्नचा, गुडघे त्याहून जुने. महिन्यातून एकदा महू, जाम गेट, मंडलेश्वर करत महेश्वरला जातो. परत इंदूरला, रामबागेत पोचेपर्यंत गुडघे असे आखडतात की उतरल्यावर आधी टाकी धरून उभं राहायचं, मग फाटक उघडायचं.

त्यात मे महिन्यात साइड स्टँड डांबरात रुतला आणि उभी गाडी डावीकडे आडवी. ब्रेकचं पेडल आत वाकून कव्हरला टेकलं, फटीतून ऑइल ठिबकायला लागलं. तेव्हापासून डोक्यात आहे की पुढे लेग गार्ड, म्हणजे पायांपुढचा आडवा पाइप, बसवावं आणि गार्ड आलंच आहे तर त्यावर पाय लांब करून टेकवायला हायवे पेग, म्हणजे छोटे दांडेही. छोट्या ग्वालटोलीतल्या दुकानांत बघूनही आलो. आमचे मेकॅनिक उस्ताद म्हणाले, “भिया, ये सब बारात का सामान है.” पुण्याचा धाकटा म्हणतो, लावून टाक. घरात एक-एक मत झालंय, तिसरं तुम्ही द्या.

एकोणीसचा पाना
गार्ड लावा. पेग नको.

गार्डचं कारण तुम्हीच सांगितलंत. ही गाडी भरून दीडशे किलोच्या वर, आडवी झाली की खाली काहीतरी चेपणारच. ते पेडल किंवा नडगी असण्यापेक्षा पाइप असलेला बरा. पण गार्ड पुढच्या बाजूला असतं हे विसरू नका. उभ्या जागी पडली तर गार्ड आणि हँडलवर टेकेल, पेडल बहुतेक वाचेल. चालत्या गाडीवरून पडलात तर त्याच्या भरवशावर राहू नका.

आता बसवण्याचं. तुमच्या गाडीच्या फ्रेमला इंजिनाखालून जाणारा पाइपांचा पाळणा नाही. पुढचा एक पाइप खाली येतो, त्याला प्लेटा, प्लेटांना इंजिन. म्हणजे इंजिन स्वतःच सांगाड्याचा भाग आहे. गार्ड वर यू-क्लॅम्पने त्या पाइपला आणि खाली प्लेटांच्या बोल्टला धरतं. म्हणून आधी प्लेटा बघा, भोकं गोल आहेत की नाही बघा. मग क्लॅम्पखाली रबराची पट्टी, नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, सहज न सुटणारे) नट, दोन्ही बाजू थोड्या थोड्या आवळत जायचं. एक बाजू पुरती आवळून दुसरी ओढून बसवली तर गार्ड ताणात राहतं आणि साठच्या पुढे गुणगुणतं. शंभर किलोमीटरनंतर परत पाना लावायचाच. एका सिलिंडरची गाडी आहे, थरथरून नट सैल करणं हा तिचा छंद आहे.

आणि कुणी म्हणालं, “क्लॅम्प बसत नाही, फ्रेमला वेल्डिंगचा टाका मारतो,” तर गाडी ढकलत घरी आणा.

खंडवा रोडची
पाना दादा, गार्डबद्दल पटलं. पेगला एका शब्दात उडवलंत ते नाही पटलं. मी सहा वर्षं ॲव्हेंजर ही क्रूझर बाइक चालवते, ऑफिसला पण आणि ओंकारेश्वरला पण. पाय कायम पुढे. कोणी मला थांबवून म्हणत नाही की ताई, हे धोक्याचं आहे. मग काकांनी पाय पुढे टाकले की एवढं काय बिघडतं? गुडघा दोन तास एकाच कोनात राहिला की दुखणारच. दुखरा गुडघा घेऊन ब्रेक मारणं कुठे सुरक्षित आहे?

एकोणीसचा पाना
ताई, तुमच्या गाडीत पाय पुढे आहेत तसं पेडलही पुढे आहे. कंपनीने पायाबरोबर ब्रेकही पुढे नेला. काकांच्या गाडीत पाय पुढे जाणार आणि पेडल जिथल्या तिथे मागेच राहणार. साठच्या वेगात गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर कापते. पाय उचलून, मागे आणून, पेडल चाचपायला अर्धा सेकंद धरा. आठ मीटर गेले, आणि ब्रेक अजून लागलाच नाही. काकांच्या पुढच्या चाकालाही ड्रम ब्रेक आहे. तो डिस्कसारखा पकडणार नाही.

खंडवा रोडची
हे मान्य, नीट सांगितलंत. पण मग एकच पेग लावा ना! काकांचा ब्रेक डावीकडे आहे. डावा पाय जागेवर ठेवायचा, उजवा मोकळा करायचा. गिअरला एवढी घाई कुठे असते?

रामबागकर
हे डोक्यातच आलं नव्हतं. उलट्या बाजूच्या गाडीचा पहिल्यांदा काहीतरी फायदा!

उलटतपासणी
एक पाय पुढे, एक मागे असं तासभर बसून बघा. गुडघा सुटेल, कंबर धरेल. शिवाय पाय पुढे असताना खड्डा आला की पायावर भार घेऊन सीटवरून उचलता येत नाही. जो दणका गुडघे झेलतात तो थेट मणक्यात.

आणि गार्डबद्दल इथे सगळे एकदम एकमत झालेत म्हणून एक खडा टाकतो. हॅरी हर्ट यांचा अमेरिकेतला मोटरसायकल अपघातांचा अभ्यास १९८१ मध्ये आला. लॉस एंजेलिस भागातल्या ९०० अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती, वर ३,६०० पोलिस अहवाल वाचले होते. क्रॅश बारबद्दल, म्हणजे आपल्या लेग गार्डबद्दल, निष्कर्ष असा की घोटा-पाऊल जेवढं वाचतं, तेवढ्याच जखमा गुडघा, नडगी आणि मांडीला वाढतात. हिशेब बरोबरीत. काकांचं दुखणं नेमकं गुडघ्याचं आहे.

एकोणीसचा पाना
तो अभ्यास चालत्या गाडीच्या टकरींचा. काकांची गाडी उभ्या जागी पडली. राजवाड्याच्या गर्दीत रिक्षा घासून जाते, पार्किंगमध्ये शेजारचा स्कूटर ओढताना आपली पाडतो, यातलं काही त्या ९०० मध्ये नसणार. मी गार्ड हाडांसाठी लावा म्हणत नाहीये, कव्हर आणि पेडलसाठी लावा म्हणतोय.

उलटतपासणी
मग “नडगीपेक्षा पाइप बरा” कोण म्हणालं होतं?

एकोणीसचा पाना
बरं, मीच. तेवढं मागे घेतो.

कलमबहाद्दर
सगळे यंत्रावर बोलताहेत, कागदाचं कोणी बोलत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ : नोंदणीत जी गाडी आहे तिच्यात मनाने बदल करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैदही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक खात्याने राज्यांना पत्र लिहून गाड्यांवरचे क्रॅश गार्ड काढायला सांगितलं होतं. काकांची गाडी पंधरा वर्षांच्या पुढची, दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला न्यावी लागणार. तिथे कुणी बोट ठेवलं तर?

खंडवा रोडची
ते पत्र आलं तेव्हा सगळा गदारोळ कारच्या बुलबारचा, म्हणजे बंपरपुढच्या जाड पाइपांचा होता. बाइकचे लेग गार्ड कंपन्यांच्या शोरूममध्येच पावती देऊन बसवतात. नोंदणीत इंजिन नंबर, चेसिस नंबर, रंग, आसनं असतात, त्यातलं बोल्टने लावलेला पाइप काय बदलतो?

कलमबहाद्दर
मी लावू नका म्हणत नाही. पावती जपा आणि नूतनीकरणाच्या आदल्या दिवशी बोल्ट काढून गार्ड घरी ठेवा, एवढंच म्हणतोय. पेग मात्र बाहेर आलेला दांडा आहे. चालत्या माणसाच्या पोटरीला लागला तर कलम शोधत बसावं लागणार नाही, लोकच दाखवतील.

उलटतपासणी
पेगवरचा खरा आक्षेप अजून कुणी घेतलाच नाही. तो गार्डच्या पाइपवर क्लॅम्पने बसतो. म्हणजे पायाचं ओझं फ्रेमवर नाही, गार्डच्या टोकावर. क्लॅम्पचा आणि पाइपचा व्यास जुळला नाही की दुकानदार सायकलच्या ट्यूबचा तुकडा मध्ये घालतो. पन्नास किलोमीटरवर तो गरगर फिरतो आणि पाय हवेत. माझा महूच्या पुढे फिरला होता. पडलो नाही, पण मानपूरला पोचेपर्यंत तोंडातून जे निघालं ते इथे लिहीत नाही. शिवाय गार्डच्या टोकाला कंप सगळ्यात जास्त. अर्ध्या तासात तळवे झिणझिणतात.

खंडवा रोडची
म्हणजे तुम्ही स्वतः लावून बसला होतात! हे आधी सांगायचं.

रामबागकर
काल उस्तादांकडे गेलो. गार्ड घेऊनच गेलो, पेग दुकानातच ठेवला. खालचा बोल्ट काढला तर उस्ताद काही न बोलता बोट आत घालून बघत बसले. डावीकडच्या प्लेटचं भोक लांबट झालंय, शाबूदाण्याच्या वड्यासारखं. बोल्ट त्यात वर-खाली हलतो. किती वर्षं हलतोय देव जाणे, मी मात्र साठच्या वरचा थरथराट वयावर ढकलत होतो, गाडीच्या आणि माझ्या. उस्ताद म्हणाले, गार्ड नंतर, आधी प्लेटची जोडी आणि नवे बोल्ट. वेल्डिंगने भोक भरून देऊ का, असं शेजारच्या गॅरेजवाल्याने विचारलं, त्याला त्यांनीच हाकललं.

एकोणीसचा पाना
दोन्ही प्लेटा बदला, एक नको. आणि जुन्या टाकू नका, नवीन प्लेट जुन्यावर ठेवून भोकांची जागा ताडून बघा. बाजारातल्या प्लेटांवर माझा विश्वास नाही.

खंडवा रोडची
काका, आणि गुडघा?

रामबागकर
तोवर जाम गेटला वीस मिनिटं थांबायचं. तिथे दगडी ओट्यावर दोन्ही पाय लांब करता येतात. तुमचा एका पेगचा विचार मात्र सोडलेला नाही. प्लेटा बसल्या की परत विचारीन.