ओव्हरफ्लोची घळघळ: पूर्ण सायफन लावावा की ड्युर्सोच बरा?

निळी लाट
पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. हॉलमध्ये चार फूट बाय दीड बाय दीडची माशांची टाकी आहे, म्हणजे साधारण 250 लिटर. खाली कपाटात संप, म्हणजे फिल्टर आणि पंप ठेवायची दुसरी टाकी. कोपऱ्यातल्या ओव्हरफ्लो बॉक्समधून (वरचं पाणी काठावरून यात सांडतं) एक इंची पाइपने पाणी संपमध्ये उतरतं, आणि दर पंधरा-वीस सेकंदांनी फ्लश ओढल्यासारखी घळघळ होते. आई हॉलमध्येच झोपते. रात्री पंप बंद कर म्हणते, पण पंप बंद म्हणजे संपमधला फिल्टरही बंद.

पाइपावर टी आणि खाली वळवलेला एल्बो लावून, झाकणाला हवेचं भोक पाडून ड्युर्सो करून पाहिला. फरक पडला, पण आवाज गेला नाही. आता माझं मत पक्कं झालंय की पाणी आणि हवा एकाच पाइपातून सोडणं हेच चुकतंय. पाइप पाण्याने पूर्ण भरून वाहिला, म्हणजे पूर्ण सायफन लागला, तर आवाज करायला आत हवाच उरत नाही. म्हणून हर्बी: मुख्य पाइपला खाली गेट व्हॉल्व्ह, आणि शेजारी दुसरा, उंच तोंडाचा, आणीबाणीचा पाइप. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट सांगा.

करकोचा
पटत नाही, कारण देतो.

घळघळ कशी होते ते आधी बघा. पाइपाला झेपेल त्याहून जास्त पाणी आलं की पाइपाचं तोंड पाण्याने बंद होतं. सायफन सुरू होतो, बॉक्स झपाट्याने रिकामा होतो, हवा आत ओढली जाते, सायफन तुटतो, बॉक्स पुन्हा भरतो. हेच चक्र चालू राहतं. ड्युर्सोचं भोक हवा सतत आणि मोजून आत देतं, म्हणून चक्र सुरूच होत नाही. भोक लहान पडलं तर घळघळ, मोठं झालं तर सूं सूं. तिथे हवेच्या नळीचा छोटा व्हॉल्व्ह बसवा आणि ऐकत ऐकत फिरवा.

पण त्याआधी सांगा, पंप प्रत्यक्षात किती पाणी टाकतोय? खोक्यावरचा आकडा नको.

निळी लाट
खोक्यावर 4000 लिटर. आत्ता मोजलं: 10 लिटरची बादली 14 सेकंदांत भरली. म्हणजे तासाला अडीच हजारांच्या वर.

करकोचा
मग दुखणं पाइपाचं नाही, पंपाचं आहे. तासाला टाकीच्या दहापट पाणी फिरवताय. संपमधून चार-पाच पट फिरलं तरी पुष्कळ. नऊ वर्षांत माझ्या अनुभवात एक इंची ड्युर्सो हजार-बाराशे लिटरपर्यंत शांत राहतो, पुढे कुरकुरायला लागतो. पंप बाराशेवर आणा आणि आईंना विचारा.

रेतीतला खेकडा
काका, पंप कमी करायचा सल्ला योग्यच आहे. टाकीतला प्रवाह वेव्हमेकरने (टाकीतच पाणी ढवळणाऱ्या छोट्या पंख्याने) मिळतो, सगळं संपवर लादायची गरज नाही. पण म्हणून सायफन वाईट ठरत नाही. माझी खाऱ्या पाण्याची टाकी हर्बीवर आहे आणि रात्री कपाटाला कान लावला तरी फक्त पंपाची गुणगुण येते.

लोक चुकतात ते व्हॉल्व्ह लावताना. गेट व्हॉल्व्ह असा बसवायचा की मुख्य पाइप जवळजवळ सगळं पाणी नेईल आणि अगदी थोडी धार दुसऱ्या पाइपात सांडत राहील. ती पाइपाच्या भिंतीला चिकटून गुपचूप उतरते आणि पंपाचा प्रवाह जरा वर-खाली झाला तर तो फरक तीच सांभाळते. बॉल व्हॉल्व्हने हे साधत नाही, केसभर फिरवला की पातळी हातभर हलते. आणि नळाच्या दुकानातला पितळी गेट व्हॉल्व्ह चुकूनही घेऊ नका. पितळेत तांबं असतं, ते कोळंबी आणि प्रवाळांच्या जिवावर उठतं. पीव्हीसीचाच घ्या, शोधावा लागला तरी.

हिरवळ
माझी गोड्या पाण्याची, झाडांची टाकी आहे. मी सायफनच्या बाजूने, पण कारण वेगळं. पाणी हवेत घुसळत उतरलं की मी पैसे घालून सोडलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. भरलेल्या पाइपात ते नुकसान बरंच कमी होतं.

अजून एक. बॉक्सच्या दातेरी काठावरून पाणी पाच-सहा इंच खाली पडत असेल तर तो धबधब्याचा आवाज वेगळा आहे, कुठल्याही पाइपाने जाणार नाही. आतल्या पाइपाची उंची वाढवून हे पडणं इंचभरावर आणा.

ओली फरशी
माझ्याकडे हर्बीच होता. दिवसभर घरी कोणी नसतं. वीज गेली, तासाभराने आली. मुख्य पाइपातली हवा काही केल्या बाहेर पडेना, सायफन लागलाच नाही. आणीबाणीचा पाइप प्लंबरने अर्धा इंची घातला होता, त्याला तेवढं पाणी झेपेना. संध्याकाळी दार उघडलं तर हॉलमध्ये पाणी, आणि खालच्यांच्या छताला ओल. शेजाऱ्यांसमोर उभं राहताना काय वाटलं ते माझं मला माहीत. ज्या गावात वीज अशी येते-जाते तिथे मी कोणालाही सायफन सुचवणार नाही. ड्युर्सो आवाज करतो, पण वीज आल्यावर स्वतःहून चालू होतो.

रेतीतला खेकडा
वाचून खरंच वाईट वाटलं. एक विचारतो, मुख्य पाइपाचं खालचं टोक संपच्या पाण्यात किती खोल होतं?

ओली फरशी
पाच-सहा इंच. आवाज येऊ नये म्हणून खोल ठेवलं होतं.

रेतीतला खेकडा
मग हवा अडकली ती तिथेच. एवढं पाणी ढकलून हवेला बाहेर पडता येत नाही. टोक इंचभरच बुडवायचं. आणि आणीबाणीचा पाइप मुख्य पाइपापेक्षा बारीक कधीच नसावा. त्याचं टोक तर मी संपच्या पाण्याच्या वरच ठेवतो. मुख्य पाइपात गोगलगाय अडकली की आणीबाणीचा पाइप धो धो वाजायला लागतो आणि घरातल्या कोणालाही कळतं.

करकोचा
घरात कोणी असेल तर कळतं. ओली फरशी यांच्या घरी कोणी नव्हतं, हे विसरू नका. पद्धत कागदावर बरोबर असणं वेगळं आणि प्लंबरने, दुकानात मिळालेल्या सामानात ती बरोबर बसवणं वेगळं. ड्युर्सोत एखादी चूक झाली तर आवाज होतो, हर्बीत झाली तर फरशी भिजते.

आणि निळी लाट, संपमध्ये जागा किती रिकामी आहे? पंप थांबला की तुमच्या टाकीतलं पाणी एक इंच उतरलं तरी 14 लिटर खाली येतं. रिटर्नचं, म्हणजे पंपाचं पाणी वर आणणाऱ्या पाइपाचं, तोंड खोल बुडलेलं असेल तर आणखी.

निळी लाट
रिटर्नचं तोंड पृष्ठभागापासून अर्धा इंच खाली आहे, संपमध्ये 30 लिटरची जागा आहे. पण बॉक्समध्ये दोनच भोकं. दुसऱ्यात रिटर्न आहे, तेही फक्त पाऊण इंची. म्हणजे आणीबाणीचा पाइप तिथे घातला तर खेकडेभाऊंचाच नियम मोडतो.

करकोचा
मोडतोच. पाऊण इंची भोकातून अडीच हजार लिटर उतरवण्याच्या भरवशावर राहू नका. बाराशेवर आणल्यावर काय होतं ते स्वतः बघा: मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा, पंप चालू ठेवा, अर्धा तास टाकीसमोर बसा.

निळी लाट
चार दिवसांनी लिहितोय. रिटर्न काठावरून घेतला, त्याच्या भोकात आणीबाणीचा पाइप घातला, पंपाला व्हॉल्व्ह लावून बादली 30 सेकंदांवर आणली, म्हणजे तासाला 1200. मुख्य पाइप बंद करून बसलो. पाऊण इंची पाइप भयंकर वाजला, पण पाणी काठाच्या दीड इंच खाली थांबलं. मग दहा वेळा वीज बंद-चालू केली. नऊ वेळा सायफन दोन मिनिटांच्या आत लागला. एकदा लागला नाही, खालचं टोक अर्धा इंच वर कापल्यावर पुढच्या सहा वेळा लागला. आई काल रात्री म्हणाली, टाकी बंद केलीस का?

करकोचा
ती एक वेळ मला खटकते. दिवसा घर बंद ठेवून जाणार असाल तर अजूनही ड्युर्सोच लावा, 1200 वर तोही आईंना ऐकू येणार नाही.

निळी लाट
गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणार आहे. त्या दिवशी घरीच थांबतोय. वीज परत आल्यावर काय झालं ते इथेच लिहीन.