ओहोटीच्या फेऱ्या: समुद्र दाखवतोय की तुडवतोय?

सुकतीची वेळ:
मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीला ज्या निसर्गफेऱ्या निघतात, त्यांच्या जाहिरातीत ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द हमखास असतो. गटात माणसं किती आणि एकाच खडकावर महिन्यातून किती वेळा जायचं यावर बंधन नसेल, तर तो शब्द आधी काढा, असं माझं मत आहे.

गेल्या हिवाळ्यात एका आयोजकाबरोबर गेलो होतो. पस्तीसेक माणसं, मार्गदर्शक दोन. पुढचा एक इवलीशी समुद्री गोगलगाय दाखवत होता आणि ती बघायला मागची मंडळी झोआन्थिडच्या थरावर उभी! झोआन्थिड हे प्रवाळांचे मऊ अंगाचे भाऊबंद. ओहोटीला अंग मिटून बसतात, शेवाळ वाटतात, त्यामुळे आपण जिवंत प्राण्यावर उभे आहोत हे कुणाच्या गावीच नसतं. एका काकांनी दगड उलटा केला, खालचा खेकडा पळाला, फोटो निघाला, दगड तसाच. त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेले स्पंज आणि अंडी आता उन्हात सुकणार.

आणि खडक नीट उघडे पडतात ते अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास. त्यात रविवार जुळला की झालंच, सगळे गट एकाच जागी.

गिरगावकरीण:
काकांचं चुकलं, वादच नाही. पण २०१७ मध्ये ‘मरीन लाईफ ऑफ मुंबई’ या गटाच्या मंडळींनी अशा फेऱ्या सुरू करण्याआधी हाजी अलीला प्रवाळ आहेत हे किती मुंबईकरांना ठाऊक होतं? वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत ते, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. सागरी किनारा मार्गाच्या खटल्यात प्रवाळांचा मुद्दा आला. जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने मार्गाला मिळालेली सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांखालची मंजुरी रद्द केली. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, काम पुन्हा सुरू झालं, आणि २०२० मध्ये प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे नेल्या. जिथे डंपरच्या डंपर भराव पडला, तिथे तुम्ही चपला मोजताय?

सुकतीची वेळ:
मोजतोय, कारण भरावामुळे उरलेले खडकच कमी झालेत. माणसं मात्र वाढली. भार कुणावर आला सांगा.

वरळीचा नाखवा:
वाद झकास रंगलाय, फक्त त्यात आम्ही कुठेच नाही. आमच्या आया-आज्या याच खडकांवर कालवं फोडत आल्यात. मध्ये फेरीतला एक मुलगा आईला म्हणाला, “मावशी, इथून काही उचलायचं नसतं.” आईने त्याच्याकडे बघितलं आणि पुढचं कालव फोडलं.

आमच्या वरळीच्या क्लीव्हलँड बंदरातून होड्या नीट जाव्यात म्हणून त्याच सागरी मार्गाच्या पुलाच्या खांबांमधलं अंतर ६० मीटरचं १२० करून घ्यायला २०२२ च्या डिसेंबरापर्यंत भांडलो आम्ही. तुम्ही ओहोटी ॲपवर बघता, आम्ही तिथीवरून सांगतो: अमावस्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमाराला, म्हणजे सुकती सहाच्या आसपास. मग फेरी आमच्या खडकांवर आणि फी दुसऱ्याच्या खात्यात, हे कसं?

मांडवीकाठ:
आमच्या वेंगुर्ल्याकडे बघा. मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून कांदळवन सफर चालवतात. मच्छीमार घरांतल्याच आहेत. होडी वल्ह्याची, इंजिन नाही. गर्दीवर बंधन घालायला परिपत्रक लागत नाही, होडीत जास्त माणसं मावतच नाहीत. वल्हं मारणारीच कांदळाच्या जाती ओळखून सांगते आणि पैसे तिच्या गटाला मिळतात.

गिरगावकरीण:
छानच आहे, पण होडीखाली काही तुडवलं जात नाही. खडकावर पाऊल ठेवावंच लागतं, मग पुढे कोळी असो की प्राणीशास्त्राचा पदवीधर. आणि नाखवा, राग मानू नका, कालवं काढण्याचाही परिणाम होतोच ना? तोही मोजायला नको का?

वरळीचा नाखवा:
मोजा की! आधी भरावाचा मोजा, मग गटारांच्या पाण्याचा, मग आईच्या टोपलीचा.

तास सातवा:
मी शाळेत विज्ञान शिकवते. आठवीच्या मुलांना न्यायचं की नाही, एवढंच सांगा. पुस्तकातलं समुद्रफूल दाखवून मी कंटाळले आहे.

सुकतीची वेळ:
न्या बाई, जरूर न्या. फेऱ्या बंद करा असं मी म्हटलेलंच नाही. फक्त अख्खा वर्ग एकदम नको. दहा-दहा जणांचे गट करा, बाकीच्यांना तोवर वाळूत शंख-शिंपले ओळखू द्या. उघड्या खडकावरून किंवा वाळूवरून चालायचं, डबक्यात पाय घालायचा नाही, दगड उलटायचा नाही. आणि कोळीवाड्यातलं कुणीतरी सोबत घ्या, रीतसर मानधन देऊन. “आभारी आहोत”वर भागवू नका.

गिरगावकरीण:
दहाच्या गटाला परवडणारी फी गरीब शाळा भरणार कुठून? महापालिकेच्या शाळांतली मुलं पुन्हा बाहेरच राहणार. फेऱ्या हौशी आणि पैसेवाल्यांच्याच होऊन बसतील, याला तुमच्याकडे उत्तर नाही.

सुकतीची वेळ:
नाही. पण म्हणून चाळीस जणांना खडकावर सोडणं हेही उत्तर नाही.

वरळीचा नाखवा:
बाई, पैशांचं बघू नंतर. शाळेच्या सोयीने अष्टमी-नवमीला तेवढं आणू नका, तेव्हा भांग असतो, पाणी फारसं उतरत नाही. आणि मुलांना जुने बूट घालायला सांगा. कालवांच्या कडांनी पाय कापतात.