मदत हवी आहे: रॅकून आणि ऑरिगा बटरफ्लाय मासे एकाच टाकीत कसे ठेवावेत?

खाडीकाठ
नमस्कार. माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत रॅकून बटरफ्लाय मासा बऱ्याच काळापासून असून तो टाकलेले सर्व काही खातो. गेल्या आठवड्यात मी दुकानातून ऑरिगा बटरफ्लायची जोडी आणून सोडली. तेव्हापासून त्यांपैकी लहान मासा दिवसभर पंपामागच्या कोपऱ्यात उभा असतो, त्याच्या शेपटीचा पर फाटला आहे आणि तो अन्नाला तोंडही लावत नाही. रॅकून त्याच्या अंगावर धावून जातो. समुद्रात हे मासे एकाच खडकावर राहतात, तर मग टाकीत का राहू नयेत, हे मला समजत नाही. दुकानदाराने माझ्यासाठी एक कॉपरबँड बटरफ्लायही राखून ठेवला आहे आणि त्याला रविवारपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा आहे. पाणी उत्तम आहे. या माशांनी न भांडता एकत्र राहावे यासाठी काय करावे, एवढेच कृपया लवकर सांगावे.

सागरतळ
टाकीची लांबी, रुंदी आणि उंची किती आहे? आणखी कोणते मासे आहेत? ऑरिगा सोडण्यापूर्वी वेगळ्या टाकीत ठेवले होते का? ‘पाणी उत्तम आहे’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. अमोनिया, नायट्राइट आणि क्षारतेचे आकडे दिलेत तर बोलता येईल.

दर्याराज
मासा खात नसेल तर लसणाचा रस काढून त्यात गोठवलेली कोळंबी अर्धा तास भिजत ठेवा आणि तीच खायला घाला. माझ्याकडचे सगळे हट्टी मासे याच उपायाने खायला लागले आहेत. पोट भरले की माशांची भांडणेही आपोआप कमी होतात.

नारळीपौर्णिमा
दर्याराज, लसणाच्या वासाने एखादा मासा खायला प्रवृत्त होत असेल, हे मी मान्य करते. परंतु इथे मासा भुकेला असूनही भीतीने बाहेर येत नाही. जो मासा कोपरा सोडायलाच धजावत नाही, त्याच्यापर्यंत लसूण पोहोचणार कसा? खाडीकाठ, सागरतळ यांच्या प्रश्नांची उत्तरे आधी द्यावीत.

खाडीकाठ
टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच आहे. अमोनिया व नायट्राइट शून्य, क्षारतेसाठी मोजलेले विशिष्ट गुरुत्व 1.025, तापमान 26 अंश. मासे दुकानातून थेट टाकीत सोडले. दुकानदाराने ते निरोगी असल्याचे सांगितले होते. त्यांखेरीज क्लाउनफिशची जोडी आणि एक सेलफिन टँग आहे. प्रश्न बटरफ्लायचा असल्याने बाकीच्यांचा उल्लेख आवश्यक वाटला नव्हता. लहान ऑरिगाचा श्वासही मोठ्यापेक्षा जलद चालतो आहे. आता कृपया उपाय सांगावा.

सागरतळ
आता चित्र स्पष्ट होते आहे. आपली टाकी 12 घनफूट, म्हणजे सुमारे 340 लिटरची आहे आणि खडक व वाळू वजा जाता प्रत्यक्ष पाणी त्याहून कमी भरेल. पूर्ण वाढलेला ऑरिगा 23 सेंटिमीटरपर्यंत आणि रॅकून 20 सेंटिमीटरपर्यंत जातो. दीड फूट म्हणजे जेमतेम 46 सेंटिमीटर. म्हणजेच टाकीची रुंदी मोठ्या ऑरिगाच्या दोन लांबींएवढीच आहे. अशा जागेत पळणाऱ्या माशाला पाठलाग करणाऱ्याच्या नजरेआड जाताच येत नाही. समुद्राबद्दलच्या आपल्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे: तिथे हरलेला मासा पुढच्या खडकाकडे निघून जातो आणि भांडण तिथेच संपते.

दुसरी बाब क्रमाची. जो मासा आधीपासून राहतो तो साऱ्या टाकीला आपला इलाखा मानतो, त्यामुळे तिन्ही बटरफ्लाय एकाच वेळी सोडले असते तर विरोध पुष्कळ सौम्य राहिला असता. तिसरी बाब जोडीची. ऑरिगा समुद्रात अनेकदा जोडीने दिसतात हे खरे आहे, परंतु दुकानातल्या एका टाकीतून उचललेले दोन मासे म्हणजे जोडी नव्हे. ते एकमेकांच्या जवळून पोहतात का, एकाच जागी टोचून खातात का, की मोठा लहानाला हाकलतो, हे पाहून सांगावे.

मस्कतनिवासी
इथे ओमानच्या किनाऱ्यावर अरेबियन बटरफ्लाय नेहमी पाहायला मिळतात. ते बहुधा जोडीने फिरतात, प्रवाळाचे जिवंत पॉलिप (प्रवाळ बनवणारे इवले जीव) खातात आणि आपल्याच जातीचा तिसरा मासा जवळ आला की त्याला हुसकावून लावतात. त्यामुळे समुद्रात हे मासे भांडत नाहीत, हे गृहीतक मला पटत नाही. जाता जाता, या जातीचा मासा कोणी विकायला आणला तर घेऊ नये. प्रवाळाशिवाय तो टाकीत जगत नाही. शेव्हरॉन, मेलन आणि ऑर्नेट या बटरफ्लायच्या जातींचेही तसेच आहे. रॅकून आणि ऑरिगा मात्र किडे, कोळंबी, शैवाल असे मिश्र खाणारे असल्याने घरच्या टाकीत रुळतात, ही आपल्या बाजूची गोष्ट आहे.

दर्याराज
श्वास जलद आहे म्हणजे वेल्व्हेट हा परजीवीमुळे होणारा रोग आहे. आज रात्रीच टाकीत तांब्याचे औषध घाला. उशीर केलात तर सगळे मासे जातील.

नारळीपौर्णिमा
कृपया असे करू नये. मुख्य टाकीत तांबे घातले तर ते खडकात आणि वाळूत शोषले जाते, त्याची मात्रा स्थिर ठेवता येत नाही, आणि झिंगे व गोगलगायी मरतात. शिवाय जलद श्वासाला वेल्व्हेट हे एकच कारण नसते. सततचा पाठलाग, कल्ल्यांवरचे फ्लूक (चपटे परजीवी कृमी) किंवा पाण्यातील कमी प्राणवायू यांनीही श्वास वाढतो. वेल्व्हेटचा संशय असेल तर मासा वेगळ्या टाकीत काढून तिथे तांबे वापरावे आणि चाचणी संचाने मात्रा रोज मोजावी.

फ्लूक ओळखायला सोपी पद्धत आहे. आरओ यंत्राने शुद्ध केलेले गोडे पाणी बादलीत घेऊन त्याचे तापमान आणि पीएच टाकीइतके करावे, हवेचा पंप लावावा आणि माशाला त्यात सुमारे पाच मिनिटे ठेवावे. मासा आडवा पडला किंवा तडफडला तर लगेच परत घ्यावा. काळ्या बादलीत हे केल्यास अंगावरून सुटलेले फ्लूक पांढुरक्या खवल्यांसारखे तळाशी पडलेले दिसतात. तसे दिसले तर प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक औषध द्यावे.

दर्याराज
वेगळ्या टाकीची सोय सगळ्यांकडे नसते, ताई. आम्ही वर्षानुवर्षे असेच करत आलो आहोत.

नारळीपौर्णिमा
त्यासाठी काचेची टाकीच लागते असे नाही. प्लास्टिकचा स्वच्छ टब, स्पंजची गाळणी, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे एवढ्यावर भागते. अमोनियाकडे रोज लक्ष ठेवावे लागते, एवढाच त्यातला त्रास आहे.

तांबडाखडक
मला वाटते की या माशांना नैसर्गिक खाद्य मिळत नसल्यामुळे ते चिडतात. मालवणकडे ओळखीचे कोणी असेल तर प्रवाळ असलेला एखादा जिवंत खडक मागवून टाकीत ठेवावा.

सागरतळ
हा सल्ला कृपया कोणीही अमलात आणू नये. कठीण प्रवाळाला वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली 2001 पासून पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, आणि मालवणचा भाग तर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तसेच रॅकून आणि ऑरिगा यांना जगण्यासाठी प्रवाळाची गरज नाही. बाजारातील ताज्या तिसऱ्या किंवा कालवे अर्ध्या शिंपल्यासह खडकाच्या फटीत ठेवली, तर टोचून खाण्याची त्यांची सवय भागते आणि बुजलेला मासाही बहुधा पहिला घास तिथेच घेतो. रोज तेच मात्र देऊ नये. मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), कोळंबी आणि शैवाल यांची अदलाबदल ठेवावी, कारण काही शिंपल्यांमधील थायमिनेज हे विकर जीवनसत्त्व ब-1 नष्ट करते.

शांतसागर
टाकीत बटरफ्लायचा थवाच हवा असेल तर पिरॅमिड बटरफ्लाय किंवा त्याच कुळातला, थव्याने राहणारा बॅनरफिश घ्यावा. दोन्ही पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव टिपून खातात, त्यामुळे त्यांच्यात खडकाच्या मालकीवरून वाद नसतो. बॅनरफिश घेताना पाठीच्या पराचे काटे मोजून घ्यावेत: थव्याने राहणाऱ्या जातीला सहसा बारा आणि जोडीने राहणाऱ्या, मोठ्या होणाऱ्या जातीला अकरा काटे असतात. दुकानात दोन्ही एकाच नावाने विकले जातात.

नारळीपौर्णिमा
माहिती उपयुक्त आहे, परंतु चार फुटांच्या टाकीत थवा बसणार नाही आणि विचारणा आहे त्या माशांची आहे. खाडीकाठ, लहान ऑरिगाच्या अंगावर जखमा नेमक्या कुठे आहेत? फाटलेला पर आणि अंगावरची चीर या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बटरफ्लाय मासा हल्ला करताना डोके खाली घालतो आणि पाठीचे काटे ताठ करून समोरच्यावर रोखतो. टँग मात्र बाजूने येऊन शेपटीच्या बुडाशी असलेल्या पात्यासारख्या काट्याने फटकारा मारतो आणि त्याने अंगावर सरळ, बारीक चीर उमटते.

खाडीकाठ
शेपटीचा पर फाटलेला आहे, आणि आपण म्हटल्याप्रमाणे एका कुशीवर दोन सरळ चिरा आहेत. दोन्ही ऑरिगा सोबत पोहत नाहीत. मोठा लहानाकडे दुर्लक्ष करतो. सकाळी दिवा लावण्याआधी लहानाच्या पाठीकडे गडद डागही दिसतो. हा रोग आहे का?

सागरतळ
बटरफ्लायच्या अनेक जातींचे रंग रात्री गडद होतात आणि अंगावर डाग उमटतात. दिवा लागल्यावर अर्ध्या तासात तो डाग गेला तर काळजीचे कारण नाही.

सरळ चिरा मात्र सेलफिनकडे बोट दाखवतात. तो 40 सेंटिमीटरपर्यंत वाढणारा मासा आहे आणि आपल्या टाकीत त्याला आताच जागा अपुरी पडत असणार. रॅकूनचाही वाटा असू शकतो, कारण बहुतेक बटरफ्लाय रात्री झोपत असले तरी रॅकून अंधारात बराच हिंडतो. दिवे मालवल्यानंतर लाल प्रकाशाच्या बॅटरीने काही वेळ टाकी पाहावी. लाल प्रकाशाने मासे फारसे विचलित होत नाहीत.

तोवर लहान ऑरिगाला सच्छिद्र पारदर्शक खोक्यात घालून ते खोके टाकीतच अडकवावे. इतरांना तो दिसत राहील, पण कोणी त्याला स्पर्श करू शकणार नाही, आणि अन्न थेट त्याच्या पुढ्यात टाकता येईल. तो खाऊ लागल्यावर खडकांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्या हद्दी मोडतील, आणि दिवे मालवल्यावर त्याला बाहेर सोडावे. कॉपरबँडला मात्र स्पष्ट नकार कळवावा. तो हळू आणि निवडून खाणारा मासा आहे. रॅकूनसोबत त्याच्या वाट्याला घासच येणार नाही.

तांबडाखडक
मी मात्र कॉपरबँड घेण्याच्या बाजूने आहे. एप्टेशिया (टाकीत तणासारखे पसरणारे समुद्रफूल) खाण्यासाठी त्याच्यासारखा मासा नाही.

नारळीपौर्णिमा
एप्टेशिया रॅकूनही आवडीने खातो आणि तो टाकीत आधीच आहे. शिवाय एप्टेशियाची तक्रार या धाग्यात कोणीही केलेली नाही.

खाडीकाठ
सर्वांचे आभार. रात्री लाल बॅटरीने पाहिले. दिवसा सेलफिन आडवा येऊन फटकारतो आणि दिवे मालवल्यावर रॅकून त्या कोपऱ्यात फेऱ्या मारतो, म्हणजे लहान ऑरिगाला दोन्ही वेळी विसावा नाही. गोड्या पाण्यात ठेवल्यावर तळाशी काहीही पडले नाही. आता तो खोक्यात असून श्वास थोडा संथ झाला आहे, आणि आज त्याने तिसरीच्या शिंपल्याला दोन-तीनदा टोचले. कॉपरबँड नको असे दुकानात कळवले. सेलफिन परत घेण्याची दुकानदाराची तयारी आहे, पण जाळे दिसताच तो खडकात शिरतो. सगळे खडक न उपसता त्याला कसे पकडावे?

सागरतळ
जाळ्याचा नाद सोडावा. सरकत्या झडपेचे पारदर्शक खोके वाळूवर ठेवून त्याच्या आत, अगदी मागच्या भिंतीला, नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शैवालाचा) तुकडा चिमट्याने लावावा. झडप दोन-तीन दिवस उघडीच ठेवावी आणि नोरी टाकीत दुसरीकडे कुठेही देऊ नये. तो न बिचकता आत जाऊन खाऊ लागला की झडपेला मासेमारीची दोरी बांधून दूर बसून ओढावी. पाण्यातून काढताना मात्र जाळे वापरू नये, शेपटीचा काटा त्यात अडकतो. खोके पाण्यासह उचलून तो बादलीत ओतावा आणि शेपटीजवळ हात नेऊ नये. सेलफिन गेल्यावरच लहान ऑरिगाला खोक्यातून सोडावे. त्यानंतरही रॅकून रात्री त्याच्या मागे लागला, तर रॅकूनला आठवडाभर त्याच खोक्यात ठेवता येईल. तिन्ही मासे पूर्ण वाढेपर्यंत किमान सहा फुटांची टाकी मात्र लागेल. ती शक्य नसेल तर दोन्ही ऑरिगांसाठी दुसरे घर आत्तापासूनच शोधावे.