सी ड्राइव्हवर ३०० जीबी मोकळे, तरी श्रिंक ४० जीबीच! (विंडोज ११ + लिनक्स मिंट)

प्रश्न
लॅपटॉपवर ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी आहे, त्यात विंडोज ११. शेजारी लिनक्स मिंट टाकायचं आहे, त्यासाठी १२० जीबी हवेत. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘श्रिंक व्हॉल्यूम’ (सी ड्राइव्ह लहान करून जागा सोडवणं) केलं की ४० जीबीच्या पुढे जाऊ देत नाही. आणि ईएफआय पार्टिशन (सिस्टीम सुरू करणाऱ्या फाइल्सचा डिस्कवरचा छोटा भाग) १०० एमबीचंच आहे. ते दोघांना पुरेल का?

प्रतिसाद १
विंडोज चालू असताना काही फाइल्स जागच्या हलवता येत नाहीत. अशी एखादी फाइल ड्राइव्हच्या मध्यावर बसली असेल, तर श्रिंक तिच्यापाशीच थांबतं, पुढे कितीही जागा रिकामी असो. कोणती फाइल अडवतेय ते अंदाजाने शोधू नका. इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘ॲप्लिकेशन’ लॉगमध्ये २५९ क्रमांकाची नोंद बघा, तिथे शेवटच्या न हलणाऱ्या फाइलचं नाव असतं. बहुतेकदा पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल), हायबरनेशनची फाइल नाहीतर रिस्टोअर पॉइंट (सिस्टीम मागच्या स्थितीत नेण्यासाठी जपलेली नोंद) निघतो. तिन्ही बंद करा, रीस्टार्ट करा, मग श्रिंक करा. आकडा एमबीत द्यायचा असतो : १२० × १०२४ = १२२८८०. सुटलेली जागा ‘अनअलोकेटेड’च राहू द्या, तिथे नवीन व्हॉल्यूम बनवू नका.

पेजफाइल आणि रिस्टोअर नंतर परत चालू करा. हायबरनेशन मात्र बंदच ठेवा, म्हणजे फास्ट स्टार्टअपही बंद राहतं. ते चालू असलं तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोज सी ड्राइव्ह अर्धवट उघडा सोडतं आणि मिंटमधून त्यावर काही लिहिता येत नाही.

प्रतिसाद २
१०० एमबी मिंटला पुरतात. ग्रब (लिनक्सचा बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्राम) तिथे जेमतेम काही एमबी घेतं, कर्नल (लिनक्सचा गाभा) रूटमध्येच, म्हणजे मिंटच्या मुख्य पार्टिशनमध्येच राहतो. (पॉप ओएस ही दुसरी लिनक्स कर्नल ईएफआयमध्ये ठेवते, तिला ही जागा कमी पडते.) इन्स्टॉलरमध्ये ‘समथिंग एल्स’ (पार्टिशन स्वतः ठरवण्याचा पर्याय) निवडा, आहे तेच ईएफआय वापरा आणि त्याच्या फॉरमॅटच्या चौकटीत टिक करू नका. ते फॉरमॅट झालं की विंडोजचा बूटलोडर गेला. ५० जीबी रूटला (एक्स्ट४ या लिनक्सच्या फॉरमॅटमध्ये), उरलेले होमला, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फाइल्सना. स्वॅपसाठी (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वेगळं पार्टिशन नको, स्वॅपफाइल पुरते. सी आणि मोकळ्या जागेपलीकडचं रिकव्हरी पार्टिशन आहे तिथेच असू द्या.

प्रश्नकर्ता
पेजफाइलच होती, जागा सुटली. आता इन्स्टॉलरला एसएसडीच दिसत नाही, फक्त पेनड्राइव्ह दिसतो.

प्रतिसाद १
इंटेलचा लॅपटॉप असेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हीएमडी किंवा आरएसटी ही इंटेलची डिस्क हाताळण्याची सोय चालू असणार. ते थेट बंद केलंत तर विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकेल, म्हणून क्रम पाळा. आधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क-कुलूप) ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या, बायोस बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते. खात्याचा पासवर्डही हाताशी ठेवा, सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही. मग एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज कसं सुरू व्हावं ते ठरवणारी खिडकी) ‘सेफ बूट’ला टिक, रीस्टार्ट करून सरळ बायोसमध्ये जा, व्हीएमडी बंद करा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडलं की योग्य ड्रायव्हर लागतो. टिक काढा आणि एकदा नेहमीसारखं सुरू करून खात्री करा. त्यानंतर पेनड्राइव्ह लावा.

प्रतिसाद ३
मिंट टाकल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. लिनक्स हार्डवेअर घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, विंडोज स्थानिक वेळ. मिंटच्या टर्मिनलमध्ये ‘timedatectl set-local-rtc 1’ द्या, दोन्हीकडे एकच वेळ दिसेल.