बॅरिटोन म्हणजे नुसता खलनायक?

कुणीतरी म्हटलंय की ऑपेरात बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीचा पुरुषी आवाज, फक्त खलनायकीपुरता. मला हे अजिबात पटत नाही. दिमित्री ह्वोरोस्तोव्स्की ऐका! सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कचा हा गायक 1989 साली कार्डिफची गायनस्पर्धा जिंकून जगापुढे आला. व्हेर्दीच्या 'इल त्रोवातोरे' या ऑपेरातला त्याचा काउंट दि लुना खलनायकच, पण 'इल बालेन' हे त्याचं प्रेमगीत गाताना दम न तोडता ओळीला ओळ अशी जोडतो की त्या माणसाचं प्रेम खरं वाटतं. मेंदूत गाठ निघाल्यावरही 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये त्याने हीच भूमिका केली. शेवटी वादकांनी रंगमंचाखालच्या आपल्या जागेवरून त्याच्यावर पांढरे गुलाब उधळले. ते दृश्य आठवलं की आजही गलबलून येतं. 2017 मध्ये तो गेला, अवघ्या 55व्या वर्षी.